फ्रेंच शिकणं आणि फ्रान्सला शिकायला जाणं: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात फ्रेंच शिकवते. त्याआधी कॉलेज संपल्यावर फ्रान्समधल्या ल्यों शहरात मास्टर्स केलं. दहावी-बारावीचे निकाल लागले की क्लासच्या जिन्यात, ट्रान्स-हार्बरच्या डब्यात, अगदी कुणाच्या डोहाळजेवणातसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. फी आणि व्हिसाचे नियम दरवर्षी थोडे हलतात. अर्ज करायच्या आधी कॅम्पस फ्रान्सच्या, म्हणजे तिथे शिकायला जाणाऱ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर ताजे आकडे बघून घ्यायचेच.

अकरावीला फ्रेंच घेतलं की मार्क जास्त पडतात, हे खरं का?

बहुतेकांना पडतात. पेपरचा साचा ठरलेला असतो, व्याकरणाच्या गाळलेल्या जागा ठरलेल्या असतात, आणि निबंध पाठ करून जाता येतं. मराठी किंवा हिंदीत नव्वदच्या पुढे जायला जी मेहनत लागते, तिच्या निम्म्यात फ्रेंचमध्ये पंचाण्णव येतात. टक्केवारी वाढवायला घेणार असाल तर खुशाल घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

फक्त त्या पंचाण्णवला फ्रेंच येणं म्हणू नका. बारावीला छप्पन्न क्रियापदं धडाधड चालवून दाखवणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी मोबाइलवर रेल्वे स्टेशनवरची एक साधी घोषणा ऐकवते आणि विचारते, गाडी कितीला आहे, कुठल्या फलाटावर? बहुतेक जण माझ्याकडे बघत बसतात, कारण दोन वर्षांत कुणी त्यांना फ्रेंच ऐकवलेलंच नसतं. बारावीचं फ्रेंच आंतरराष्ट्रीय पातळीवर साधारण ए१च्या आसपास, फार तर ए२च्या उंबरठ्यावर असतं. पुढे काही करायचं असेल तर खरी सुरुवात तिथून होते.

आणि एक आगाऊपणा करून सांगते. फ्रेंचसाठी मराठी सोडलीत तरी मराठी वाचणं सोडू नका. ज्यांना एका भाषेत चार परिच्छेद नीट बांधता येतात, तीच मुलं बी२च्या लेखी परीक्षेत तरतात.

हे ए१, बी२ काय प्रकरण आहे?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेला डेल्फ म्हणतात, शेवटच्या दोन दाल्फ. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. शंभरात ५० मिळाले की पास, पण कुठल्याही भागात पाचाच्या खाली गेलात तर नापास. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. टीसीएफ आणि टीईएफ या वेगळ्या चाचण्या, त्यांचा निकाल दोनच वर्षं धरला जातो.

फ्रान्समध्ये फ्रेंचमधून पदवी करायची तर सहसा बी२ मागतात. त्याच्या खाली कितीही प्रमाणपत्रं जमवलीत तरी वर्गात बसल्यावर पुढचा बोलतोय काय हे कळत नाही.

बी२ला किती वेळ लागतो? आणि शिकायचं कुठे?

शून्यापासून धरलं तर वर्गातले साधारण पाचशे ते सहाशे तास, शिवाय घरचा अभ्यास. म्हणजे शनिवार-रविवारची बॅच लावून, कॉलेज सांभाळून, अडीच-तीन वर्षं. ‘तीन महिन्यांत फ्रेंच’ अशी जाहिरात दिसली की पुढे चालायला लागा.

मुंबईत अलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था न्यू मरीन लाइन्सला आहे. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीला उतरायचं आणि मेट्रो सिनेमाच्या बाजूने चालत जायचं. जाऊन-येऊन तीन तास गेले की अर्धी मुलं दुसऱ्या लेव्हलला गळतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. आता ऑनलाइन वर्ग असल्यामुळे सुरुवातीच्या दोन पायऱ्या घरून करा. बी१पासून मात्र समोरासमोर शिका, कारण तिथे बोलणं सुटावं लागतं, आणि कॅमेरा बंद करून बसलेल्याचं बोलणं सुटत नाही. पदवीनंतर भाषेतच पुढे जायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिनाला आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला झेपेल का?

झेपेल, आणि काही बाबतीत जरा बरंच झेपेल. फ्रेंचमधले त आणि द दातांवर जीभ टेकवून येतात, आपल्यासारखेच. इंग्रजीचे ट-ड तोंडात बसलेल्यांना ते मुद्दाम शिकावे लागतात. नाकातले स्वर आपल्याला नवे नाहीत. टेबलाला लिंग असतं यात मराठी मुलाला काहीच विचित्र वाटत नाही. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करायची सवय असल्यामुळे तिथल्या ऑफिसात कुणाला एकदम अरे-तुरे करून अपमान होण्याचा प्रसंगही सहसा येत नाही.

अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे घशातला र आणि ओठांचा चंबू करून काढायचा उ. तो आरशासमोर उभं राहून रोज घोटावा लागतो, घरचे हसतात, हसू द्या. दुसरं म्हणजे इंग्रजीची भीती. फ्रेंचची पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, म्हणून मुलं आधी मराठीतून इंग्रजीत आणि मग फ्रेंचमध्ये जातात. मी वर्गात व्याकरण सरळ मराठीतून सांगते. निम्मं काम तिथेच होतं.

जाता जाता: मराठी भाषा कशी घडली याचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास जूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने केला, आणि जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा करणाऱ्यांत पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ होते. त्यांना आपली भाषा झेपली, आपल्याला त्यांची का झेपू नये?

माझं इंजिनिअरिंग, कॉमर्स किंवा फार्मसी चालू आहे. फ्रेंच मध्येच कशाला?

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

नुसत्या फ्रेंचवर नोकरी मिळायचे दिवस सरत आले. साध्या कागदपत्रांचं भाषांतर मशीन करते आणि माणूस वरून नजर फिरवतो, त्यामुळे दरही खाली आलेत. ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कांत फ्रेंच येणाऱ्यांना अजून घेतात, फ्रेंच मालकीच्या कॅपजेमिनीचं मोठं आवार ऐरोलीतच आहे. पण तिथेही मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, भाषेशिवाय काय येतं? अकाउंट्स येतं, टेस्टिंग येतं, विम्याचे क्लेम येतात, असं उत्तर असेल तर भाषेचा वरचा भत्ता मिळतो.

फ्रेंच म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर. मी मुलांना आफ्रिकेचा नकाशा दाखवते. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, काँगो: इथे सरकारी कामकाज फ्रेंचमध्ये चालतं, आणि इथे भारतीय औषधं मोठ्या प्रमाणावर जातात. औषध तिथे विकायला नोंदणी लागते आणि नोंदणीची कागदपत्रं फ्रेंचमध्ये. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या औषध कंपनीत बी.फार्म. झालेली आणि बी२ केलेली मुलगी गेली, तर तिच्यासारखी दुसरी सहज सापडत नाही. हीच गोष्ट लॉजिस्टिक्सची, पंप-व्हॉल्व्ह निर्यात करणाऱ्यांची. पोस्टिंग आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला आहे म्हटल्यावर घरचे नाक मुरडतात, पण पंचविसाव्या वर्षी एक अख्खी बाजारपेठ हाताळायला पॅरिसमध्ये कोण देणार?

कॅनडाचा हिशोब वेगळा. तिथे स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत फ्रेंच चांगलं असलं की जादा गुण मिळतात: कॅनडाच्या स्वतःच्या मोजपट्टीवर फ्रेंचची सातवी पातळी आणि जोडीला बऱ्यापैकी इंग्रजी असेल तर ५०. २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही काढतात. त्यामुळे माझ्याकडे हल्ली तिशीतले आयटीवाले जास्त येतात, नवरा-बायको जोडीने. त्यांना टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते, डेल्फ तिथे चालत नाही. कॉलेजातल्या मुलांनी मात्र कॅनडाचे नियम डोळ्यांसमोर ठेवून अठराव्या वर्षी भाषा निवडू नये. नियम तुमच्या पदवीपेक्षा लवकर बदलतात.

आणि शाळा. घोडबंदर रोडला आणि नवी मुंबईत जेवढ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळा निघाल्या, तेवढ्यांना फ्रेंचचे शिक्षक हवे असतात. बी.एड. करायची तयारी असेल तर ही नोकरी टिकाऊ आहे.

फ्रान्समध्ये इंग्रजीतून पुष्कळ कोर्स आहेत. मग फ्रेंच शिकायची काय गरज?

डिग्रीपुरती नाही. पण इंग्रजी कोर्सांचा मोठा वाटा खाजगी बिझनेस स्कूलांकडे आहे आणि त्यांची फी ऐकून घर विकायची पाळी येते. सरकारी विद्यापीठांतले पदवीचे कोर्स जवळजवळ सगळे फ्रेंचमध्येच असतात. शिवाय कोर्समध्ये इंटर्नशिप असते. बाकीची मुलं जेवणाच्या टेबलावर ओळखी करून ती मिळवतात, आणि तुम्ही हसून मान डोलवत बसता. इंग्रजीतून शिकणार असलात तरी निदान बी१ करून जा.

खर्च किती येतो?

२०१९पासून सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी फी लागू झाली: सुरुवातीला पदवीला वर्षाला २,७७० आणि मास्टर्सला ३,७७० युरो, नंतर थोडी वाढली. कितीतरी विद्यापीठं त्यात माफी देतात आणि मग स्थानिक मुलांइतकीच, म्हणजे दोन-अडीचशे युरो भरावी लागते. म्हणून विद्यापीठ निवडताना आधी हे विचारा, क्रमवारी नंतर बघा.

फीपेक्षा राहणं-खाणं महाग. व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरो दाखवायची अट आतापर्यंत राहिली आहे. लिल, पॉइतिए, क्लेरमाँ-फेराँसारख्या शहरात काटकसरीने त्याच्या थोडं वर भागतं, पॅरिसमध्ये अजिबात नाही. सरकारी विद्यार्थी संस्था, जिला सगळे क्रूस म्हणतात, तिच्या वसतिगृहात खोली मिळाली तर नशीब. तिची कँटीन सगळ्यांना खुली असते आणि स्वस्त. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, म्हणजे पूर्ण वेळेच्या साठ टक्के. त्यावर वरखर्च निघतो, फी निघत नाही. कर्ज काढताना हा फरक बँकेला नाही तरी स्वतःला स्पष्ट सांगा.

शिष्यवृत्त्यांत फ्रेंच दूतावासाची शार्पाक आणि मास्टर्ससाठी फ्रेंच परराष्ट्र मंत्रालयाची एफेल. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचे अर्ज मुंबईची कितीतरी मुलं केवळ माहीत नाही म्हणून भरत नाहीत.

तिथला अभ्यास आपल्यापेक्षा वेगळा म्हणजे नक्की कसा?

गुण वीसपैकी देतात. दहाला पास. बाराला ‘बऱ्यापैकी’, चौदाला ‘चांगलं’, सोळाला ‘फार चांगलं’. वीसपैकी वीस सहसा कुणाला देत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला मुलीला साडेबारा पडले की इकडे आई रडकुंडीला येते, ‘म्हणजे बासष्टच टक्के?’ काकू, साडेबारा म्हणजे ती वर्गात वरच्या बाजूला आहे. पेढे वाटा.

खरा धक्का मात्र निबंधाचा. आपल्याकडे पाच मार्कांना पाच मुद्दे, अधोरेखित करून, वेळ उरला तर आकृती. तिकडे चार तासांच्या पेपरात एकच ओळ दिलेली असते. त्या ओळीत दडलेला पेच आधी स्वतः शोधून मांडायचा, मग दोन किंवा तीन भागांत वाद चालवायचा, आणि प्रत्येक भागातून पुढचा भाग निघाला पाहिजे. माहिती सगळी बरोबर असून आराखडा कच्चा असला तर आठ पडतात. ल्योंमध्ये आमच्याबरोबर पुण्याचा एक मुलगा होता, इथला युनिव्हर्सिटी टॉपर. पहिल्या पेपरवर त्याला शेरा मिळाला, ‘माहिती भरपूर, प्रश्न कुठे आहे?’ तो कागद त्याने टेबलासमोर चिकटवला होता.

मोठ्या हॉलमधली व्याख्यानं आणि तीसेक जणांचे सरावाचे तास वेगवेगळे असतात. व्याख्यानाला नोट्स कुणी देत नाही, फळ्यावर फारसं लिहीत नाहीत, प्राध्यापक तासभर बोलतात आणि निघतात. सरावाच्या तासाला हजेरी घेतात आणि तुमचं मत विचारतात. ‘सर, तुम्हीच सांगा’ हे उत्तर तिथे चालत नाही. एक वर्ष यात काढलेली मुलं परत आल्यावर घरातसुद्धा वाद घालायला लागतात, ही तक्रार मी पुष्कळ पालकांकडून ऐकली आहे.

मुलगी एकटी राहणार. जेवणाखाण्याचं काय?

तूरडाळ मिळते. मोठ्या गावांत भारतीय किंवा श्रीलंकन दुकान असतंच. पॅरिसला गार द्यु नॉर स्टेशनच्या पाठीमागे ला शापेलमध्ये कढीपत्त्यापासून शेवग्यापर्यंत सगळं आहे. तिथल्या तमिळ गणपती मंदिराची मिरवणूक ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरच्या सुरुवातीला निघते, रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. आपल्या ठाण्यातल्या तलावपाळीच्या विसर्जनाची सर नाही, पण पहिल्या वर्षीच्या मुलांना तेवढंही पुरतं.

कुकर घेऊन जा, छोटा, तीन लिटरचा. मसाले डब्यात नेऊ नका, पाकिटात न्या. आणि जाण्याआधी मुलाला असो वा मुलीला, वरण-भात, एक उसळ आणि पोळ्या यायलाच हव्यात. मुलाला हे शिकवताना काही घरांत अजून अवघडल्यासारखं होतं, ते सोडा.

जेवणापेक्षा मला काळजी वाटते नोव्हेंबरची. सप्टेंबर मजेत जातो, ऑक्टोबर कागदपत्रांत. नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे झालेलं असतं, डिसेंबरात तर पाचलाच अंधार पडतो, पाऊस पिरपिरत राहतो, रविवारी बहुतेक दुकानं बंद. ठाण्यात माणसांचा कंटाळा येतो. तिथे सहा मजली इमारतीत अख्ख्या रविवारी लिफ्टचासुद्धा आवाज येत नाही. या दिवसांत मुलं खोलीत बसून रोज चार-चार तास घरी व्हिडिओ कॉल करतात. पालकांनो, अर्ध्या तासाने तुम्हीच फोन ठेवा. कुठल्यातरी क्लबात नाव घालायला लावा: गिर्यारोहण, गाणं, फुटबॉल, काहीही. विद्यापीठांत असे गट पुष्कळ आणि जवळजवळ फुकट. आमच्या गटात तर ज्यांचं बोलणं पहिलं सुटलं ते असेच बाहेर पडणारे होते, वर्गातले हुशार नव्हेत.

घर आणि कागदपत्रं?

घर भाड्याने घ्यायला बँक खातं मागतात आणि बँक खात्याला घराचा पत्ता. या चक्रात सगळे अडकतात. पहिल्या महिन्यासाठी वसतिगृह किंवा ओळखीच्यांचा पत्ता ठरवून जा. घरमालक स्थानिक जामीनदार मागतात. तो नसेल तर विसाल नावाची सरकारमान्य हमी विद्यार्थ्यांना फुकट मिळते. खोली न बघता डिपॉझिट पाठवू नका. ओळखीतल्या एका मुलाने फोटो बघून दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, त्या पत्त्यावर दाताचा दवाखाना निघाला.

पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, तो विसरलात तर राहणं बेकायदा ठरतं. सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी विद्यार्थ्यांना मोफत आहे, पहिल्याच आठवड्यात करा. जन्मदाखल्याच्या चार-पाच प्रती आणि त्याचं अधिकृत फ्रेंच भाषांतर हाताशी ठेवा. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत निघण्याआधीच काढून घ्या, नंतर बाबांना प्रभाग समितीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

एजंट लागतो का?

नाही. अर्ज ‘एत्यूद आँ फ्राँस’ या सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येतो. कॅम्पस फ्रान्सची मुलाखत तुम्हालाच द्यायची आहे, आणि एजंटने लिहून दिलेलं पत्र तिथे लगेच ओळखू येतं.

एक सेमिस्टर जाऊन आलं तर इथलं वर्ष वाया जातं?

तुमच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार असेल तर जात नाही. युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट धरतात आणि ते इकडे वळते करता येतात. स्वायत्त आणि खाजगी संस्थांत असे करार जास्त, साध्या संलग्न कॉलेजांत क्वचित. निघण्याआधी कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार हे लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा भारत-फ्रान्स करार २०१८मध्ये झाला आहे, त्यामुळे पूर्ण पदवीचा प्रश्न तेवढा किचकट राहिलेला नाही.

शिकून झाल्यावर तिकडेच राहायचं की परत यायचं?

मास्टर्स झालेल्या भारतीयांना नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत थांबता येतं. परत आलात तरी दार बंद होत नाही: फ्रान्समध्ये निदान एक सेमिस्टर शिकलेल्या आणि मास्टर्स असलेल्या भारतीयांना पाच वर्षं वैध असलेला, पण दर वेळी थोडेच दिवस राहू देणारा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) मिळू शकतो.

माझ्या बॅचचे निम्मे तिकडे आहेत. परत आलेल्यांपैकी एकजण भिवंडीच्या गोदामांतून आफ्रिकेला माल पाठवणाऱ्या कंपनीत आहे, एकीने पर्यावरणावर काम सुरू केलं आणि ठाणे खाडीच्या फ्लेमिंगोंच्या मागे असते. दोघांनाही फ्रेंच रोज लागतंच असं नाही. दोघंही सांगतात की तिकडे गेले नसते तर आपल्या मूळ पदवीच्या बाहेर पडायचं धाडस झालं नसतं. ‘मग एवढे पैसे कशाला घातले?’ असं त्यांना नातेवाईक अजून विचारतात.

मी आत्ता एफवायला आहे. कुठून सुरुवात करू?

या जूनमध्ये ए१. एसवाय संपेपर्यंत बी१, टीवायच्या डिसेंबरपर्यंत बी२ची परीक्षा देता येईल इतका वेग ठेवा. पोर्टल साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतं आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशांची मुदत डिसेंबरच्या मध्यापर्यंत असते. मास्टर्सच्या तारखा विद्यापीठागणिक बदलतात. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, आणि त्यावरचं नाव बारावीच्या मार्कशीटशी अक्षर न अक्षर जुळतंय ना ते बघा.

बॅचबद्दल विचारायचं असेल तर शनिवारी दुपारी क्लासवर या. आईबाबांना सोबत आणलंत तरी चालेल, पण प्रश्न तुम्ही विचारा.